हाय तसं

चौगुल्यांच्या धनपालनं गोणपाटात गुंडाळून आणला,
आजारी कोंबडं आणावं तसा,
मार्केट यार्डातल्या गुळाच्या काट्याचा बोर्ड.
"कंपनी कवाच बुडाली. नकाशा न्हाई, पुस्तक न्हाई.
हाय तसा नवा करून दे. काय बी बदलू नको."

खाली वाकऱ्यांच्या लेथवर बीड सोलत होतं.
उद्यमनगरात दुपारी दाताखाली कीस येतो.
मी बोर्ड पालथा केला.

हातानं काढलेला. काळी फीत चिकटवत
कुणीतरी वळणं घेतलीत,
काटकोन नाहीत, रंकाळ्याला जेवणानंतर
वळसा घालणाऱ्या माणसाची चाल.

पहिला दिवस नुसते फोटो, दोन्ही अंगांचे.
मग एकेक भाग उपटून
अंड्यांच्या ट्रेमध्ये, नंबर लिहून.
मग ओला पॉलिश पेपर. हिरवा रंग खरवडत, हळू,
जास्त घासलं तर वाटच जाते.
तांबं वर आलं.
आम्ही तांबट. आज्याला याच्यावर घण माहीत होता,
मला केसाएवढ्या रेघा.

मग मीटर. एक टोक इथं, एक तिथं.
पीं म्हणजे नातं आहे.
गप्प म्हणजे नाही, किंवा तुटलंय,
किंवा तू चुकीच्या माणसाला विचारतेस.
तीन आठवडे असं विचारत बसायचं
दोनशे अकरा भोकांना.
चिपांवरचे नंबर कुणी कानशीनं घासलेले.
नाव न सांगणाऱ्या पाहुण्याला बोलीवरून ओळखावं
तसं ओळखलं : हा दहा मोजून उलटतो,
हा नुसता रेग्युलेटर, तापट.

आणि मागच्या अंगाला
एक रेझिस्टर, नकाशात कुठंच न बसणारा.
नंतर लावलेला. लोडसेलच्या वाटेत आडवा.
बाकीचे डाग चपटे, याचा फुगीर,
आणि पायाला तारेचा दीड वेढा.

दीड वेढा मला माहीत आहे.
"एक सुटतो. दोन दिले तर पुढचा शिव्या देतो."
बोटांवर पट्टी मारून शिकवलेलं.
केरबा तांबट. रेडिओ, टेप, काटे दुरुस्त करून मिळतील.
आण्णा.

हिशेब केला.
या तुकड्यानं क्विंटलमागं सव्वा किलो गूळ
कुणाच्याच ढेपेत नसतो.
म्हणजे काटा मारला.
किंवा लोडसेल वाकला असेल, जास्त दाखवत असेल,
आण्णांनी त्याला खऱ्यावर आणला असेल.
तांबं दोन्ही सांगतं, एकाच आवाजात.
तो लोडसेल भंगारात गेला, आण्णाही गेले,
रेझिस्टरखाली पेन्सिलीनं लिहिलंय फक्त : ९१.
त्या वर्षी आमच्या घरी फ्रीज आला होता.
उगाच आठवतो.

धनपालला फोन लावला. "मागं एक जादा तुकडा हाय."
तो बोलला नाही. पलीकडं हमाल ढेपा टाकत होते,
धप्, धप्, मी मोजत होते.
मग म्हणाला, "हाय तसं म्हटलो नव्हतो?"

बोर्ड काल झाला.
ट्रेमधलं तपकिरी पाणी हलवत रात्रभर बसले.
त्या फीतवाल्याची वळणं तशीच ठेवली,
सरळ करायला हात शिवशिवत होता.
भोकं दोनशे अकरा. आणि दोन जादा,
मोकळी.

जुना रेझिस्टर काडेपेटीत घालून देणार आहे.
त्याचा वेढा सोडवायला अर्धा तास गेला,
शिवी तोंडात आली, गिळली.
ज्याला लावायचा त्यानं लावावा,
आपल्या हातानं डाग द्यावा.

बिलात तो धरला नाही.
माझ्या वहीतल्या नकाशात मात्र आहे :
त्याच्या जागी, नंबराशिवाय,
पेन्सिलीनं.